फीत कापायला पाळकबाई

पाळकसाहेबांना जाऊन दोन महिने झाले नाहीत, तोच पंचमंडळाने त्यांच्या राहत्या घराचं स्मारक करायला काढलं. घर चर्चचं, म्हणून निर्णयही चर्चचा. आत पाळकबाई राहतात, ही त्यांच्या लेखी बारीकशी अडचण.

मी सुतार. काचेची कपाटं करायचं काम मला मिळालं आणि मी ते मुकाट्याने घेतलं. थोडी घाण माझ्याही अंगाला लागलीच की.

सेक्रेटरी यादी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होता. चष्मा, वस्तरा, वहाणा, उशी. मेलेल्या माणसाच्या उशीला नंबर चिकटवताना त्याला काहीच कसं वाटलं नाही, देव जाणे. याचीच गल्ली पाडायला यंत्र आलं, तेव्हा पाळकसाहेब त्या यंत्रापुढे दिवसभर उन्हात बसून राहिले होते. सगळी घरं वाचली. त्यातल्याच एका घरात हा आज पाय ताणून झोपतो.

"पलंग मधोमध ठेवू," तो म्हणाला. "भोवती दोरी लावू. लोक लांबून बघतील."

बाई ओट्यापाशी भांडी पुसत होत्या. "मग मी कुठे झोपायचं, भाऊ?"

"बाई, तुमच्यासाठी आमची प्रार्थना चालू आहे."

"प्रार्थनेला छप्पर असतं का?"

तो हसला. बाईंचा विनोदी स्वभाव भाषणात घेऊ म्हणाला आणि तसं लिहूनही घेतलं. मला शिसारी आली. बाहेर जाऊन थुंकून आलो.

बाईंना मूलबाळ नाही. एक भाचा आहे, तो म्हणाला, आठ दिवस या, पुढचं पुढे बघू. म्हणजे काय ते बाईंना कळलं, मलाही कळलं. पंचमंडळाने मात्र 'सोय झाली' असं जाहीर केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी भाषणांना ऊत आला. ज्या खजिनदाराने साहेबांना जन्मभर पाण्यात पाहिलं, तोच हुंदके देत होता. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. साहेबांच्या बाबतीत दूध खरंच होतं, पण ते जिवंत असताना कुणाच्या तोंडून एक चांगला शब्द निघाला नाही.

आणि फीत कापायला यांनी बोलावलं कुणाला, तर पाळकबाईंनाच. स्वतःच्या घरातून निघायची फीत त्यांनी स्वतःच कापायची, वर फोटोसाठी हसायचं. एवढ्या पंचांत एकालाही ते खटकलं नाही. शिकलीसवरलेली माणसं ही. किळस येते, दुसरा शब्द नाही.

बाई हातात बॅग घेऊनच आल्या. ती पायरीवर ठेवून त्यांनी फीत कापली, कात्री सेक्रेटरीच्या हातात दिली, बॅग उचलली, आत गेल्या आणि आतून कडी लावली. टाळ्या तरीही थोडा वेळ चालूच होत्या.

सेक्रेटरीने दार दोनदा ठोठावलं. मग घाम पुसत माझ्याकडे आला. "मिस्त्री, बिजागऱ्या काढा. लोक थांबलेत."

"आत माणूस राहतंय," मी म्हटलं. "राहत्या घराचं दार मी काढत नाही."

"कामाचं बोललो होतो आपण."

"कपाटांचं बोललो होतो."

त्याने पंचांकडे पाहिलं. पंच चहाकडे वळले होते. मग तो दुसरा सुतार शोधायला गेला. मिळेलही मेल्याला.