पाच अंशांवर थांबलेलं मशीन

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या एका शेडमध्ये सहा माणसांचा कारखाना होता, आणि त्या कारखान्याचा एक नेम होता. मशीन बाहेर जाण्याआधी त्यातला प्रोग्रॅम कागदावर छापायचा, ज्यानं तो लिहिलेला नाही अशा माणसानं ओळ न् ओळ वाचायचा आणि शेवटच्या पानावर सही करायची. सही नाही, तर मशीन जागचं हलायचं नाही. सत्त्याण्णव सालच्या मार्चात, एका शुक्रवारी, ही सही करायची पाळी विश्वजीतवर आली, आणि त्याचा हात काही पेनाकडे जाईना.

मशीन दीपमालाताईंचं; त्यातला प्रोग्रॅमही कारखान्यात त्यांनीच लिहिलेला. लशींच्या फ्रिजवर नजर ठेवणारं. जुन्या लॅपटॉपचा बोर्ड, त्याची बॅटरी, तापमान मोजायला फ्रिजात सोडलेली एक तार, आणि पडद्यावर आतलं तापमान. आठ अंशांच्या वर गेलं की भोंगा. मंगळवारी ते जतकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात जायचं होतं. तिथं ताईंची आई, पारूबाई, मदतनीस होती. मागच्या उन्हाळ्यात वीज गेली, फ्रिज तापला, कुणाला कळलंच नाही, आणि सगळ्या लशी टाकून द्याव्या लागल्या. लेकरं कडेवर घेऊन उन्हातून चालत आलेल्या बायकांना पारूबाईनं दारातूनच माघारी धाडलं. "त्या दिशी आईनं भाकरी खाल्ली न्हाई," एवढंच ताई एकदा बोलल्या होत्या.

आणि आज दुपारी शेडमधल्या फ्रिजावर तपासताना वीज गेली, आणि हे मशीन पाच अंशांवर थांबलं. म्हणजे पडद्यावर पाच. फ्रिजातला साधा थर्मामीटर मात्र अकरा दाखवत होता. भोंगा गप्प.

"तार ढिली असंल," ताई म्हणाल्या. "बदलली मी."

"ढिली असती तर आकड्यानं उड्या मारल्या असत्या, ताई. हे गोठलंय. पडद्यावरचं घड्याळसुद्धा थांबलं होतं."

"मग शोध की! वाचायला कशाला दिलंय?"

विश्वजीतनं सहावं पान पुढं सरकवलं. कर्नेल, म्हणजे मशीनचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्रॅम, दर मिनिटाला बायोसला विचारत होता, की बॅटरी किती उरली. बायोस हा बोर्डावरच्या चिपमध्ये आधीपासून कोरून आलेला दुसऱ्याच कुणाचा तरी प्रोग्रॅम. त्याला काही विचारायचं, तर तेवढ्यापुरता सगळा प्रोसेसर त्याच्या हवाली करावा लागतो. कर्नेलनं हातातलं काम ज्या छोट्या कप्प्यांत ठेवलेलं असतं, ती रजिस्टरंसुद्धा.

"हवाली करण्याआधी आपण रजिस्टरं बाजूला काढून ठेवत नाही."

"बायोसनं ती जशीच्या तशी परत द्यायची, असं पुस्तकात छापलंय. पान दाखवू?"

"छापलंय, पण..."

"पण काय? सही कर, न्हाईतर सिद्ध कर. मंगळवारी टेम्पो येणार हाय."

सिद्ध काय करणार? मनात नुसती शंका. ती शंका आणि छापलेल्या प्रोग्रॅमचे ते नऊ कागद पिशवीत घालून शनिवारी तो गावी, कोरेगावला गेला.

गावात सप्ताह चालला होता. रविवारी सकाळी काल्याचं कीर्तन, उभे कोंडीबाबुवा. विश्वजीत बारा वर्षांचा असल्यापासून बुवांच्या मागं ध्रुपद धरायचा. बुवा अभंग सोडून कथेत शिरले, हसवत-रडवत कुठल्या कुठं गेले, तरी मागं ती एक ओळ, तो एक सूर मनात जागता ठेवायचा. बुवा वळले की तो त्यांच्या हाती द्यायचा. केवढं भाग्याचं काम! कीर्तन ऐकणाऱ्याला देव दिसतो म्हणतात. ध्रुपद धरणाऱ्याला तो बुवांच्या पाठीमागून दिसतो.

त्या दिवशी बुवांनी मिरजेहून आलेल्या एका पाहुण्या गवयाला मधेच एक चरण गायला दिला. गळा काय गोड! मंडप डोलला. पण गाता गाता गडी वरच्या पट्टीत चढला तो तिथंच राहिला. मृदंग थबकला, टाळकरी एकमेकांकडं बघू लागले. बुवा मात्र शांत. त्यांनी नुसती मान वळवली. विश्वजीतनं जुन्या पट्टीतली ओळ दिली, बुवांनी ती उचलली, आणि कीर्तन असं पुढं गेलं, जसं काही झालंच नव्हतं.

काला वाटून झाल्यावर विश्वजीत बुवांजवळ टेकला. "आवं बुवा, पाहुण्याला आधी सांगितलं न्हवतं व्हय, पट्टी सोडू नका म्हणून?"

"सांगितलं हुतं की! व्हय व्हयसुद्धा म्हनला." बुवा मिशीतलं दही पुसत हसले. "लय गोड गळा हाय रं त्याचा. उद्या बी गायला देणार मी. पण आपली पट्टी त्याच्या गळ्यात ठिवून कसं चालंल? ती तुझ्यापाशी हुती, म्हून तर मी निवांत."

विश्वजीतच्या हातातला द्रोण हातातच राहिला. "आरं खा की," बुवा म्हणाले, "का आता भरवायला बायकूची वाट बघतोस?"

सोमवारी सकाळी तो ताईंच्याही आधी शेडवर हजर होता. त्यानं एक छोटा बदल केला. बायोसला हाक मारण्याआधी प्रत्येक रजिस्टरात ओळखीचा आकडा ठेवायचा, आणि परत आल्यावर तो तसाच आहे का पाहायचं. पुन्हा वीज गेल्यासारखं व्हावं म्हणून ताई विजेची पिन काढत-लावत बसल्या.

"तीस. एकतीस. तुझ्या बायोसनं काय बी केलं न्हाई बघ."

"काढा तर."

त्रेचाळिसाव्या वेळी पिन निघाली ती नेमकी बायोसला प्रश्न विचारला जात असताना. पडद्यावर एक ओळ उमटली. एक रजिस्टर बदलून आलं होतं.

ताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "आई पडद्यावर पाच बघून निवांत बसली असती रं. आणि आत लशी नासल्या असत्या." त्यांनी खुर्ची ओढली आणि सात ओळी लिहिल्या. हाक मारण्याआधी सगळी रजिस्टरं कर्नेलच्या स्वतःच्या जागेत ठेवायची, आणि बायोसनं काहीही परत दिलं तरी आपली आपण भरून घ्यायची. त्यानंतर दोघांनी आळीपाळीनं दोनशे वेळा पिन काढली. दोन वेळा बायोसनं तोच घोळ केला, पण घड्याळ थांबलं नाही. विश्वजीतनं शेवटच्या पानावर सही केली.

"बायोसवर राग न्हाई ना?" ताईंनी विचारलं.

"राग कशाला? बॅटरीचा हिशेब त्यालाच ठाऊक. विचारायचं त्यालाच."

पंधरा दिवसांनी शेडवरचा फोन वाजला. ताई बाहेर होत्या, विश्वजीतनं घेतला.

"मी पारूबाई बोलते. माझ्या लेकीला सांग, हितं लाईट धा डाव गेली. भोंगा एकदाच वाजला, आमी पळत जाऊन बर्फ आणला. समद्या लशी चांगल्या हायत, डॉक्टरनी बघितल्या." पुढचं काही ऐकू येईना. पलीकडं कुणाचं तरी लेकरू टिपेला लागलं होतं, त्यात दुसऱ्यानं सूर मिसळला, मग तिसऱ्यानं.

"मावशी, एवढी का रडत्यात?"

"आज टोचायचा वार न्हाई का!" पारूबाई ओरडून म्हणाली. "पस्तीस बाया आल्यात बघ."

विश्वजीतनं रिसीव्हर कानाला आणखी घट्ट धरला आणि ताई येईपर्यंत तो आकांत डोळे मिटून ऐकत राहिला.