गोठ्याच्या दारावरचे तीन काळ

सकाळी साडेआठला जया शहापूरच्या एसटीत बसली. त्यानंतर थोड्याच वेळात मला बिजागऱ्यांतून सोडवले आणि तोंड भिंतीकडे करून अंगणात टेकवून ठेवले. माझ्याशेजारी करवत आहे.

मित्रांनो, मी शाळेचा एक जुना फळा आहे. अलीकडे मात्र किन्हवलीजवळच्या एका घरी मी गोठ्याचे दार होतो. जया ही त्या घरची सून. आज तिचा दहावीचा निकाल आहे. करवत कशासाठी आणली, ते पुढे येईलच.

सागाच्या चार आडव्या फळ्या जोडून एका सुताराने मला घडवले. दर जूनमध्ये आठवीची मुले कोळशाची पूड आणि पाल्याचा रस खलून मला काळे करत. मुलांचे सदरे मळत आणि मी नवा दिसे.

१९९४ साली शाम सर पिवळा ऑइलपेंट घेऊन वर्गात आले. ते इंग्रजी शिकवत. काळांचा तक्ता लिहायचा आणि पुढच्या तासाला कोणीतरी तो पुसायचा, याला ते कंटाळले होते. त्यांनी विचारले, "क्रियापद कोणते घेऊ? साधे, नियमित सांगा."

"वॉक घ्या सर," मागच्या बाकावरून बुधू म्हणाला. "आमी रोज तेच करतो. पाड्यावरून हितवर, हितून पाड्यावर."

वर्ग हसला. सरांनी वॉकच घेतले. वरच्या फळीवर मथळा लिहिला, तिच्याखाली वर्तमानकाळ, मग भूतकाळ, आणि सगळ्यांत खाली भविष्यकाळ. आय वॉक. आय वॉक्ड. आय शॅल वॉक. प्रत्येकाचे आणखी तीन प्रकार शेजारी.

त्या दिवसापासून माझ्यावर कोणी खडूने लिहिले नाही. मला मागच्या भिंतीवर टांगले. मुलांची पाठ माझ्याकडे असे. इंग्रजीच्या तासाला सर "मागे वळा" म्हणत, तेवढ्यापुरते चेहरे दिसत. परीक्षेच्या दिवशी माझ्यावर गोणपाट टाकत, कारण उत्तरे माझ्या अंगावर होती. माझा मोठेपणा मला त्या अंधारातच कळे.

पुढे सरांची बदली झाली आणि छापील तक्ते आले. मला व्हरांड्यात काढले, मग शाळेमागे. २००४ साली मोडक्या सामानाबरोबर महिपतने मला घरी आणले. गोठ्याला कमरेएवढे दार हवे होते. मी खालच्या दगडाला अडत होतो, म्हणून त्याने माझी शेवटची फळी सोडवली. अक्षरे त्याने आतल्या बाजूला ठेवली. "रस्त्यानं जाणारे हसतील," तो म्हणाला. त्यानंतर मला पाहणारी एक म्हैस उरली. ती माझ्याकडे बघत रवंथ करी.

मग जया लग्न होऊन आली. पहिल्याच पहाटे धार काढताना तिची नजर वर गेली आणि तिचे हात थांबले. ती दहावीला फक्त इंग्रजीत नापास झाली होती. पाड्यावरची अंगणवाडी चालवणाऱ्या लहानीबाई निवृत्त होणार होत्या. त्यांची जागा दहावी पास बाईला मिळणार होती. जयाला ती हवी होती. दिवसभर पुस्तक उघडायला सवड नसे, म्हणून हात म्हशीला आणि डोळे माझ्याकडे, असा तिचा अभ्यास सुरू झाला.

"म्हशीला इंग्रजी शिकवतेस काय गो?" सासूने, सकुबाईने, एकदा बाहेरून विचारले.

"ती तरी पास होईल, आई," जया म्हणाली.

पण भूतकाळ संपला की जया अडखळे. खाली फळीच नव्हती. तिने सासऱ्याला, महिपतला, विचारले, "मामा, ह्याची खालची फळी कुठं गेली?"

"जाळली असंल चुलीत. लाकूड ते लाकूड."

जया भूतकाळापर्यंतच म्हणत राहिली.

पितृपक्षात सकुबाईने घर सारवायला काढले. त्याच दिवशी संध्याकाळी ती एक ओली फळी काखेत घेऊन गोठ्यात आली. इतकी वर्षे त्या फळीवर पाण्याची मडकी उभी होती, अक्षरे जमिनीकडे.

"मला वाचता येत नाय," ती म्हणाली. "पन रंग वळखते. तुझीच ना ही?"

"मग मडकी, आई?"

"दगडावर बसतील. त्यांना कुठं परीक्षा द्यायचीय?" सकुबाईने फळी माझ्या पायाशी उभी केली. "म्हण आता पुरतं. पन हळू, म्हस दूध चोरंल."

जयाने भविष्यकाळ वाचला. सकुबाई दारात टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मित्रांनो, तेव्हा मी पुन्हा पुरा झालो.

ऑक्टोबरात जया परीक्षा देऊन आली. दुसऱ्या पहाटे तिने धार काढली, पण वर पाहिले नाही. त्यानंतरही नाही. पेपर कसा गेला, हे तिने घरात कोणाला सांगितले नाही, मलाही नाही. पुढे म्हैस विकली. मग रिकाम्या गोठ्यात मी एकटाच राहिलो.

आता गोठ्याच्या जागी पक्की खोली होणार आहे. आज सुतार चांगो आला, तेव्हा महिपत म्हणाला, "ह्याचे तुकडे कर. चुलीला होतील."

सकुबाई ओट्यावरून म्हणाली, "जया येस्तोवर हात लावू नको रे चांगो. लहानी सांगत होती, अंगणवाडीला फळा नाय."

"आधी पास तर होवंदे," महिपत म्हणाला.

"म्हणून तर थांब म्हणते."

चांगोने करवत टेकवली आणि तो चहा पिऊन गेला.

जुन्या वस्तूने वाचवा म्हणून गळा काढू नये. लाकूड कधीतरी चुलीत जायचेच. माझे मागणे एवढेच आहे, मित्रांनो, की कापण्याआधी एकदा उलटून बघा. दुसऱ्या बाजूला कोणाचे काही लिहिलेले असू शकते.

संध्याकाळ झाली आहे. सकुबाईने शेवटची फळी आणून माझ्या पायाशी ठेवली. आत्ताच फाट्यावर एसटी थांबून पुढे गेल्याचा आवाज आला. कोणीतरी वाटेने चालत येत आहे. माझे तोंड भिंतीकडे आहे.