गिरिजाबाईंची नात आणि माझं टीं-टीं

मित्रांनो, मी एक जुना सिरिंज पंप आहे आणि आळशी म्हणून माझी उगाच बदनामी झाली आहे. जालन्यातल्या एका दवाखान्यात, नवजात बाळांच्या खोलीत मी राहतो. औषधाने भरलेली सिरिंज माझ्यात बसवतात आणि मी ती मुंगीच्या पावलाने ढकलतो. काही अडलं की मात्र टीं-टीं करून सगळ्यांचे कान किटवतो. नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! आता माझ्या कोपऱ्याला चिकटपट्टी आहे.

गेल्या हिवाळ्यात कुंभार पिंपळगावच्या शिवकन्याची मुलगी आमच्याकडे आली. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. ती रडलीच नव्हती, आणि आता तिला झटके येत होते. झटके थांबवायचं औषध माझ्यावर सोपवलं गेलं. झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही. पण झटके थांबले तर मेंदूला आणखी इजा होण्याचा धोका कमी होतो.

शिवकन्या अजून खाटेवरून उठली नव्हती, म्हणून तिची आई गिरिजाबाई बाळापाशी बसल्या होत्या. त्या माझ्याकडेच डोळे वटारून पाहत होत्या.

"अवं सिस्टर, हे तर बंदच पडलंय. जल्दी सोडा की औषध!"

"आजी, जल्दी सोडलं तर बाळाचा श्वासच मंदावंल," रूपाली सिस्टर म्हणाल्या. "त्याचं बराबर चालू हाय."

"मंग रडंना का ती? एकदा तरी रडू द्या वो तिला!"

गिरिजाबाईंनी हात पुसलेला ओला टॉवेल माझ्याच डोक्यावर टाकला. मला वाईट वाटलं. पण घाई केली असती तर बाळाचं वाईट झालं असतं. मी आपला ढकलत राहिलो. झटके थांबले. औषध बंद झालं तरी बाळ मात्र नुसतं झोपून होतं आणि गिरिजाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मग एका सकाळी खोलीत मोठा कर्कश आवाज उठला. रूपाली सिस्टर धावत आल्या त्या थेट माझ्याकडे. सवयीने मला गप्प करायचं बटण दाबलं. आवाज थांबेना. पुन्हा दाबलं, तर तो आणखीच चढला. माझ्यात तर तेव्हा सिरिंजसुद्धा नव्हती!

"अवं, त्याला काऊन दाबता?" गिरिजाबाई हसत-रडत ओरडल्या. "माझी नात रडून राह्यली!"

डॉक्टर म्हणाले, अजून बरेच महिने तिला तपासायला आणावं लागेल. पण त्या दिवशी ती दूध प्यायली. गिरिजाबाईंनी रोज माझ्या डोक्यावर टाकायचा तो टॉवेल उचलला आणि कोरड्या कापडाने मला हळूच पुसलं.

तेव्हा मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना कोरडं ठेवा, आमची बॅटरी चार्ज करत जा. मी ओरडलो तर काय अडलंय ते बघा आणि मग मला जरूर गप्प करा. पण ती पोरगी रडत असेल, तर तिला थोडं रडू द्या. आम्ही सगळे त्याचीच वाट पाहत होतो.