गाडीपुरती फट

शाळेसमोरच्या इमारतीच्या गच्चीवरून तिने ती लाट पहिल्यांदा पाहिली, आणि हातातला चहा हातातच निवून गेला.

लाट पाण्याची नव्हती. खाली एका पांढऱ्या गाडीला उजवीकडे वळून शाळेच्या फाटकात शिरायचं होतं. समोरून येणारी रीघ थांबेना, म्हणून ती रस्त्याच्या मधोमध ठाण मांडून बसली. मागच्या गाडीने ब्रेक दाबला, तिचे लाल दिवे लागले. मग तिच्या मागच्या गाडीचे, मग तिच्याही मागच्या. पांढरी गाडी वळून आत गेली, पुढचा रस्ता मोकळा झाला. लाल दिवे मात्र मागे मागे पळतच राहिले, पार दूरच्या चौकापर्यंत. तिथे कोणीतरी कचकन थांबलं आणि चिडून हॉर्न वाजवू लागलं. आपल्याला कोणी अडवलंय हे त्या बिचाऱ्याला दिसतही नव्हतं. अडवणारी गाडी तोवर रस्त्यावर नव्हतीच.

गाड्या पुढे जातात आणि अडथळा मागे जातो, हे तिने कॉलेजात समीकरणांतून शिकलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण समीकरण असं रस्त्यावरून चालत जाताना तिने पाहिलं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला.

रस्ते खात्यातली तिची ही पहिलीच नोकरी आणि पहिलंच काम. रोज सकाळी ती लाल-पांढरे शंकू घेऊन यायची, म्हणून शाळेतल्या पोरांनी तिचं बारसं करून टाकलं होतं: शंकूताई.

प्रश्न एका फाटकाचा नव्हता, दोन फाटकांचा होता. भिंतीला भिंत लावून दोन शाळा, आणि त्यांच्या मुख्याध्यापिका एकमेकींच्या सख्ख्या जावा. पूर्वी एकच शाळा होती. घरात वाटण्या झाल्या तेव्हा मैदानाच्या छातीवर भिंत उभी राहिली आणि एका शाळेच्या दोन झाल्या. तेव्हापासून थोरली आणि धाकटी एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या.

"वाटणीत मी तेवढा कोणाच्याच वाट्याला आलो नाही," जुने वॉचमनमामा सांगायचे. "म्हणून दोन्ही फाटकं सांभाळतो. एकीकडे सलाम ठोकला की दुसरीकडे तोंड फुगतं."

दोन्ही शाळांची घंटा एकाच वेळी व्हायची. उजवीकडे वळणाऱ्या गाड्या दोन्ही फाटकांसमोर अडायच्या आणि रस्ता रोज सकाळी तुंबायचा. खात्याचे मोठे साहेब कंटाळले होते. त्यांचा हिशोब सरळ होता. इतक्या जवळ दोन फाटकं चालायची नाहीत, नंतर झालेलं फाटक बंद करा. म्हणजे धाकटीचं. तिच्या शाळेला रस्ता तेवढ्या एकाच बाजूने होता. फाटक गेलं की शाळा गेली.

"सर, एक सकाळ द्या मला," शंकूताईने साहेबांना विनवलं. "फक्त एक."

"दिली. पण रांग रस्त्यावर आली, तर त्याच दिवशी फाटकाला कुलूप. मग मला समीकरणं ऐकवायची नाहीत."

तिची युक्ती अशी होती. उजवं वळण बंद. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने येणाऱ्यांनी पुढच्या चौकाला वळसा घालून शाळेच्या बाजूने परत यायचं. सगळ्यांनी डावीकडे वळून थोरलीच्या फाटकातून आत शिरायचं, मधल्या भिंतीत केलेल्या फटीतून पलीकडे जायचं आणि धाकटीच्या फाटकातून बाहेर पडायचं. मुलं डाव्या दाराने उतरतील ती थेट शाळेच्या पायरीवर. मात्र त्यासाठी भिंत फोडायला हवी होती, आणि एका शाळेने घंटा पंधरा-वीस मिनिटं पुढे ढकलायला हवी होती.

भिंतीचं काम अनपेक्षितपणे सोपं निघालं.

"भिंत माझी नाहीच मुळी," थोरली चष्मा पुसत म्हणाली. "तिने घातली. पाडायची तर खुशाल पाडा."

"माझी भिंत?" धाकटी उसळली. "जाऊबाईंनीच घातली ती! पाडा की, मी कशाला आडवी येऊ?"

भिंतीला मालकच नव्हता, त्यामुळे ती फोडायला हरकत घेणारंही कोणी नव्हतं. पण रुंदी किती, यावर दोघी हटून बसल्या, आणि शेवटी जेमतेम एक गाडी जाईल एवढीच फट मिळाली.

घंटेचं मात्र जमेना. "इतकी वर्षं आमची घंटा याच वेळेला होते," थोरली म्हणाली. "तिला सांगा." धाकटीचं उत्तर तेच, फक्त "तिला"च्या जागी "त्यांना".

"बाई, शाळा तुमची जायची आहे," शंकूताईने धाकटीला कळवळून सांगितलं.

धाकटी खिडकीतून फाटकाकडे बघत राहिली. "ते मला कळत नाही असं वाटतं का तुला?" एवढंच म्हणाली आणि वर्गावर निघून गेली.

शंकूताईने गणित पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. दोन्ही शाळांच्या गाड्या एकदम आल्या तर फटीशी दोन रांगा भिडणार: एक थोरलीकडे मुलं उतरवून निघालेल्यांची, दुसरी धाकटीकडे जाणाऱ्यांची. तिथे प्रत्येक ड्रायव्हर क्षणभर घुटमळणार, आधी मी की आधी तो. त्या क्षणांची बेरीज वाढत वाढत फाटकाबाहेर येणार आणि रस्त्यावर पुन्हा ती लाल लाट उठणार. आकडे काही केल्या तिच्या बाजूने बोलत नव्हते.

चाचणीच्या सकाळी ती गच्चीवर उभी राहिली. शेजारी साहेब, हाताची घडी घालून. खाली शंकू ओळीने मांडलेले, भिंतीत ताजी फट, तिच्या कडांना विटांचा लाल रंग.

नेहमीची वेळ झाली. कोणीच आलं नाही.

"आज सुट्टी आहे का?" साहेबांनी विचारलं.

तिने मामांना फोन लावला. मामा हसत होते की रडत होते, कळेना. "शंकूताई, घात झाला! काल संध्याकाळी थोरल्या बाईंनी पालकांना निरोप धाडला, उद्यापासून घंटा वीस मिनिटं उशिरा. आणि धाकट्या बाईंनीही तोच निरोप धाडला! एकीला दुसरीचा पत्ता नाही. दोघींनी माघार घेतली, पण एकदमच घेतली हो!"

म्हणजे होतं तसंच राहिलं होतं, फक्त वीस मिनिटं पुढे सरकलं होतं. आणि आता फोन करून कोणालाही वळवायला वेळ उरला नव्हता. चौकाच्या बाजूने पहिल्या गाड्या दिसू लागल्या. मागोमाग आणखी, मग त्यांचा लोंढाच. गाड्या डावीकडे वळून थोरलीच्या फाटकात शिरू लागल्या, मैदान भरू लागलं, फटीशी दोन रांगा एकमेकींना भिडल्या आणि थांबल्या. रांगेचं शेपूट फाटकाच्या दिशेने वाढायला लागलं. साहेबांनी घड्याळात पाहिलं. तिने गच्चीचा कठडा घट्ट धरला.

तेवढ्यात फटीच्या अलीकडे थोरली येऊन उभी राहिली आणि पलीकडे धाकटी. एकमेकींकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. थोरलीने तळहात दाखवून एक रांग रोखली. त्याच क्षणी धाकटीने बोटांनी खूण करून दुसऱ्या रांगेतली गाडी ओढून घेतली. ती फटीतून सुटते न सुटते तोच थोरलीचा हात बाजूला झाला आणि धाकटीचा आडवा आला. एक इकडची, एक तिकडची. पुन्हा एक इकडची, एक तिकडची. खुणेआधी खूण कळत होती. एकीचा हात खाली येण्याआधीच दुसरीचा उठलेला असायचा.

"पूर्वी एकच फाटक होतं तेव्हा या दोघीच उभ्या असायच्या हो," अजून चालू असलेल्या फोनवर मामा म्हणाले. "एक आत, एक बाहेर. इतकी वर्षं झाली, पण हात विसरले नाहीत."

शंकूताई नुसती बघत होती. तिच्या मांडणीत प्रत्येक ड्रायव्हर घुटमळत होता. इथे कोणाला घुटमळायची वेळच येत नव्हती. आधी मी की आधी तो, हा प्रश्नच त्या चार हातांनी रस्त्यातून उचलून घेतला होता. दोन रांगा वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींत गुंफल्या जात होत्या आणि पलीकडून एकच सलग ओळ धाकटीच्या फाटकातून बाहेर पडत होती. दारं उघडत होती, मुलं पायरीवर उतरत होती, दारं लागत होती. वरून पाहताना वाटावं, एवढं मोठं मैदान श्वास घेतंय.

शेपूट फाटकापर्यंत आलं. तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शेपूट आखडून पुन्हा आत गेलं होतं.

मग तिने दूर चौकाकडे पाहिलं. रस्ता वाहत होता. लाल दिवा एकही नव्हता.

साहेब बराच वेळ कठड्यावर ओणवून बघत राहिले. त्यांनी आयुष्यभर रस्ते पाहिले होते, पण आवाज आज काहीसा हलका निघाला. "हे कुठल्या पुस्तकात आहे गं?"

"कुठल्याच नाही, सर."

"हं." ते जिन्याकडे निघाले, पायरीवर थांबले. "फाटक राहू दे. आणि ती फट बुजवू नका म्हणावं."

ती धावतच खाली आली. शेवटच्या गाड्या जात होत्या. दोघी जावा अजून फटीच्या दोन कडांना उभ्या होत्या आणि आता करायला हातांना काम उरलं नव्हतं.

"फाटक राहिलं!" ती धापा टाकत म्हणाली.

धाकटीने पदर तोंडाला लावला. थोरलीने चष्मा काढला, पुसला, परत चढवला.

"तुम्ही कशाला घंटा हलवलीत, जाऊबाई?" धाकटीने विटांकडे बघत विचारलं.

"तुझं फाटक बंद झालं असतं तर मी भांडले असते कोणाशी?" थोरली गुरकावली. मग जरा थांबून म्हणाली, "उद्या माझी मुलं उशिरा येतील. तुझी घंटा आधी होऊ दे."

"छे, छे. तुम्ही मोठ्या. आधी तुमची."

"अगं, मी म्हणतेय ना, आधी तुझी!"

"मुळीच नाही!"

दोघी बोलता बोलता नकळत फटीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या होत्या. उशिरा आलेली एक गाडी त्यांच्यामागे थांबली, तिच्यामागे दुसरी. मामांनी शिट्टी फुंकली.

"बाई, आधी कोण ते नंतर ठरवा! पहिलं रस्त्यातून बाजूला व्हा!"

थोरलीचा तळहात आपोआप वर गेला. धाकटीची बोटं आपोआप हलली. गाडी सुटली, आणि शंकूताई पुन्हा एकदा, तोंड उघडं टाकून, बघतच राहिली.