अर्ध्या मैलावरचा निळा

१९७९ साल. ऑगस्टचा दुसरा शनिवार होता. ऑर्विल जेडनने खोक्यावरचं फडकं उचललं आणि टेबलाभोवतीची सगळी माणसं एकदम पुढे वाकली.

आत ट्रक होता. गुरं वाहून नेणारा, खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाचा, फूटभर लांब. बाजूच्या फळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून एकेक बसवलेल्या. फळ्यांच्या फटीतून आत पाहिलं तर तळाला गवताच्या काड्या पसरलेल्या. खाली वाकून पाहिलं तर मासे धरायच्या दोरीपासून केलेल्या ब्रेकच्या नळ्या चारी चाकांपर्यंत गेलेल्या. मागच्या डाव्या कोपऱ्यावर एक पोचा होता. १९६१ मध्ये बैलाने लाथ मारली होती, तो. दारावर ‘आर. हार्म्स’ ही अक्षरं मी काढली होती, तीन केसांच्या कुंचल्याने, श्वास रोखून.

माझं नाव व्हर्ला. आयोवा राज्यातल्या आमच्या लहानशा गावात माझं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, साखळ्या, बरण्यांची झाकणं, आणि मागच्या भिंतीला सुटे भाग जोडून करायच्या प्लॅस्टिकच्या ट्रकांची खोकी. शनिवारी दुपारी तिथल्या टेबलाशी ते ट्रक जोडायला तिघे जण जमायचे. ऑर्विल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. बावन्न वर्षांचा, एकटा, कमी बोलणारा. मर्ल फॉस निवृत्त दंतवैद्य. सगळं गाव त्याला डॉक्टरच म्हणायचं, आणि दात कोरायच्या त्याच्या हत्यारांनीच तो आता ट्रकांच्या पुढची जाळी कोरायचा. तिसरा ड्वेन. आठवडाभर खरा ट्रक चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा ट्रकच करत बसायचा.

ऑर्विलचे हात फावड्यासारखे होते. त्या बोटांत मोहरीएवढा चाकाचा बोल्ट धरलेला मी पाहायची, तेव्हा गिऱ्हाईक आलं तरी मला हाक ऐकू यायची नाही. चर्चमध्येसुद्धा मी कधी इतकी गप्प बसले नसेन.

तर त्या दिवशी ट्रक पाहायला मिसेस हार्म्स आल्या होत्या. अल्विना हार्म्स, वय चौऱ्याहत्तर. त्यांचे यजमान रूबेन दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि सव्वीस वर्षं चालवलेला त्यांचा ट्रक भंगारात गेला होता. वसंतात त्या झाकणं घ्यायला आल्या, टेबलावरचे ट्रक पाहिले आणि म्हणाल्या, “आमचा कराल का हो कुणी?” रंगीत फोटो एकही नव्हता. पण अपघातानंतर बदललेलं एक जुनं दार त्यांच्या शेडमध्ये होतं. त्याच्या बिजागरीखालून खरवडलेली रंगाची खपली त्यांनी काडेपेटीतून आणून दिली होती.

आता त्या टेबलाशी वाकल्या. चष्मा काढला, पुन्हा लावला. पोच्यावरून बोट फिरवलं.

“खरं सांगू?” त्या म्हणाल्या. “फार सुंदर झालाय. पण हा आमचा ट्रक नाही. आमचा निळा होता.”

समोरचा ट्रक गडद हिरवा होता.

ऑर्विल कधी वाद घालत नसे. त्याने खिशातून काडेपेटी काढली आणि ती खपली ट्रकच्या टपावर ठेवली. खपली दिसेनाशी झाली. टप कुठला आणि खपली कुठली, सांगता येईना. ड्वेनच्या तोंडून हलकीच शीळ निघाली.

“आई, हिरवाच होता गं,” त्यांची मुलगी जॅनिस म्हणाली. ती दे मॉइन शहरातून आली होती. “पपा गाडी धुवायचे तेव्हा मी पाण्याचा पाइप धरायची. हिरवाच होता.”

मिसेस हार्म्सनी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

त्या उन्हाळ्यात काय चाललं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. जूनमध्ये त्यांनी शेगडी तशीच पेटती ठेवली होती. जॅनिसला दोनदा आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. जॅनिस घर विकून आईला आपल्याकडे न्यायचं म्हणत होती, आणि म्हातारी एकच म्हणत होती, की माझं डोकं शाबूत आहे.

“मग माझंच चुकत असेल,” त्या शेवटी म्हणाल्या. “सव्वीस वर्षं रोज पाहिलेला ट्रक आठवत नसेल, तर तू म्हणतेस तेच खरं, जॅनिस. घराचं काय करायचं ते कर.”

आणि ट्रक न घेताच त्या बाहेर गेल्या. जॅनिस मागे थांबली. तिचे डोळे भरले होते. “मला जिंकायचं नव्हतं हो,” ती मला म्हणाली. “सप्टेंबरमध्ये येते मी. तोवर तिला राहू दे.”

ती गेल्यावर डॉक्टरने ट्रक उचलून उजेडात धरला.

“मी तुला हजारदा सांगितलंय, ऑर्विल. खरा रंग छोट्या गाडीला जड होतो. थोडं पांढरं घालावं लागतं.”

“रंग म्हणजे रंग, डॉक्टर. पांढरं घालणं म्हणजे दुधात पाणी.”

“अरे, हा नाकापासून दोन फुटांवर धरला, म्हणजे खरा ट्रक पन्नास फुटांवर उभा आहे. मधली हवा कुठं गेली?”

“हवेला रंग नसतो.”

“तुला बसच्या खाली झोपून दिसत नाही, म्हणून नसतो!”

ड्वेन हसला. ऑर्विल हसला नाही. ट्रक फडक्यात गुंडाळून तो घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर तो माझ्या ओसरीच्या पायरीशी उभा होता. टोपी हातात.

“व्हर्ला, म्हातारी तो ट्रक कुठून पाहायची?”

“म्हणजे?”

“ती कधी गुरांच्या बाजाराला गेली नाही. ट्रक धुवायचे बाप-लेक. ती कुठं असायची?”

“स्वयंपाकघरात,” मी म्हटलं. ऑर्विलने टोपी डोक्यावर घातली.

बुधवारी आम्ही हार्म्सच्या शेतावर गेलो. ड्वेनने त्या दिवशी रजा काढून माझा पिकअप चालवायला घेतला. मिसेस हार्म्सनी चहा केला, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरून आलेल्या आमच्या जुन्या फ्रिशियन घरांत करतात तसा, कपात आधी खडीसाखर आणि वर साय. त्या नीटनेटक्या होत्या, पण बोलण्यात जीव नव्हता. भिंतीजवळ दोन खोकी बांधून ठेवलेली दिसली.

“तुम्ही ट्रक कुठून पाहायचात?” ऑर्विलने विचारलं.

“या खिडकीतून. आणखी कुठून?” त्यांनी पश्चिमेकडे बोट दाखवलं. “तिथं चौरस्त्याला वळला की मी बटाटे टाकायची. ते हात धुऊन बसेपर्यंत शिजलेले असायचे.”

चौरस्ता अर्ध्या मैलावर होता. मधल्या शेतात त्या वर्षी सोयाबीन होतं म्हणून रस्ता पूर्ण दिसत होता. “मका असलेल्या वर्षी नुसतं वरचं अर्धं दिसायचं,” त्या म्हणाल्या.

“किती वाजता यायचे?”

“पाचनंतर. नेहमी पाचनंतर.”

ऑर्विलने घड्याळ पाहिलं आणि शेडकडे गेला. ते जुनं दार त्याने बाहेर काढलं, पाण्याने स्वच्छ धुतलं. हिरवं होतं. लख्ख हिरवं, गडद, बाटलीसारखं. ते त्याने पिकअपच्या पुढच्या बाजूला उभं बांधलं.

“गाय बांधल्यासारखं बांधलंयस,” ड्वेन म्हणाला. “मला पुढचं दिसणार कसं?”

“डोकं बाहेर काढ.”

“आणि शेरीफने पाहिलं तर?”

“सांग, दार विकायला निघालोय.”

ड्वेन शिव्या देत गेला. आम्ही तिघे खिडकीशी उभे राहिलो. मिसेस हार्म्स मध्ये, मी डावीकडे, ऑर्विल उजवीकडे, थोडा मागे. आमच्याकडचे कच्चे रस्ते चुनखडीच्या खडीचे. गाडी गेली की पांढरी धूळ उठते आणि वारा नसला तर बराच वेळ तशीच उभी राहते. त्या दिवशी वारा नव्हता. ऊन पिकअपच्या मागून येणार होतं.

चौरस्त्याला काहीतरी वळलं.

मी हे अनेकांना सांगितलंय आणि कुणी मान डोलावण्यापलीकडे काही केलं नाही, पण मी पाहिलं ते लिहिते. धुळीच्या पुढे, सोयाबीनच्या वर, ते दार येत होतं आणि ते निळं होतं. आकाशासारखं नव्हे. पाऊस पडून गेल्यावर लांबची झाडी दिसते तसं, धुरकट, थंड निळं. मी डोळे मिटून उघडले. निळंच. मग ते येता येता, अगदी आमच्या डोळ्यांदेखत, सावकाश बदलत गेलं. पत्रपेटीशी आलं तेव्हा त्यात हिरवी झाक होती. अंगणात ड्वेनने ब्रेक मारला तेव्हा ते बाटलीसारखं हिरवं होतं, मघाशी धुतलं तेव्हा होतं तसं.

मी हातातला कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

“निळा,” ऑर्विल म्हणाला.

मिसेस हार्म्स चुलीपाशी गेल्या, परत खिडकीशी आल्या.

“काय झालं? दिसलं का?” ड्वेन बाहेरून ओरडला.

“पुन्हा जा,” ऑर्विल म्हणाला.

त्याने ड्वेनला तीनदा पाठवलं. प्रत्येक वेळी खिशातल्या वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. तिसऱ्यांदा ड्वेन उतरला तेव्हा त्याच्या भुवयांपर्यंत पांढरी धूळ होती. “आता मलाही रंगवून टाका,” तो म्हणाला. तेव्हा मिसेस हार्म्स हसल्या. त्या उन्हाळ्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

चार महिन्यांचं काम ऑर्विलने ब्रेक ऑइलमध्ये बुडवलं. प्लॅस्टिकवरचा रंग त्याने सुटतो. बसवाल्यांकडे ते डब्याने असतं. पोचा, फळ्या, माझी अक्षरं, सगळं नागडं करड्या प्लॅस्टिकपर्यंत आलं. मग तो दुकानात येऊन डॉक्टरसमोर उभा राहिला.

“पांढरं किती घालायचं?”

डॉक्टरने त्याला टोमणा मारायची ही आयुष्यातली एकमेव संधी सोडली. “थेंब थेंब घाल,” तो म्हणाला. “आणि मध्येच लांब जाऊन बघ.”

दोघांनी मिळून सतरा वेळा रंग कालवला. त्या हिरव्यात पांढरा, म्हणजे धूळ, चिमूटभर निळा आणि त्याहून कमी तांबूस. डबीत पाहिला तर तो रंग कुणालाच आवडला नसता. मी अक्षरं पुन्हा काढली, या वेळी थोडी पुसट.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी जॅनिस आईला घेऊन आली. ऑर्विलने ट्रक टेबलावर ठेवलाच नव्हता. दुकानाच्या पार मागच्या टोकाला, खिळ्यांच्या खणांवर, तोंड दाराकडे करून ठेवला होता. मिसेस हार्म्सनी दार ढकललं. घंटी वाजली. एक पाय आत, एक बाहेर, हात अजून दाराच्या मुठीवर, आणि त्या थांबल्या.

“आला,” त्या म्हणाल्या.

आमच्याशी नव्हे. कुणाशीच नव्हे. रोज संध्याकाळी रिकाम्या स्वयंपाकघरात म्हणत असतील तसं, अर्धं स्वतःशी.

जॅनिस आईकडे पाहत राहिली, मग लांबच्या ट्रककडे. “मी नेहमी अंगणात असायची,” ती हळूच म्हणाली. “इतक्या लांबून मी कधी पाहिलाच नाही.”

मग ड्वेनने तिला दार, पिकअप आणि धुळीची सगळी हकिकत सांगितली, थोडी मीठमसाला लावून. संध्याकाळी आईच्या घरी जाऊन जॅनिसने भिंतीजवळची बांधलेली दोन खोकी स्वतः सोडली आणि सामान जागेवर लावलं.

मिसेस हार्म्स आणखी साडेपाच वर्षं त्याच घरात राहिल्या. शेगडी एकदोनदा पुन्हा पेटती राहिली. शेजारच्या बाई रोज डोकावून जायच्या. १९८५ च्या मार्चमध्ये मिसेस हार्म्स झोपेत गेल्या. ट्रक जॅनिसने नेला. ती अजून दे मॉइनला आहे, ख्रिसमसला मला पत्र पाठवते.

डॉक्टर त्याच्या पुढच्या वर्षी गेला. त्याची दातांची हत्यारं बायकोने ऑर्विलला दिली. ड्वेनची पाठ गेली, गाडी सुटली, मग तो टेक्ससला मुलाकडे गेला आणि तिथून काही कळलं नाही. दुकान मी १९९१ मध्ये बंद केलं. आता मी अठ्ठ्याऐंशीची आहे.

ऑर्विल १९९४ मध्ये वारला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या : एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांची देखभाल, अविवाहित, अमुक चर्चचा सभासद. ट्रकांचा उल्लेख नव्हता. घर आवरायला त्याची पुतणी ग्लेनिस आली आणि तिने मला बोलावलं. आम्ही तळघरात उतरलो.

एका भिंतीला फळ्यांवर एक्केचाळीस ट्रक होते. बरेचसे मी ओळखत होते, माझ्याच दुकानातल्या खोक्यांतले. पण रंग ते नव्हते. त्याने एकेक करून सगळे ब्रेक ऑइलमध्ये बुडवले होते आणि नव्याने रंगवले होते. खालच्या फळीवर शेवटचे तीन अजून करडे होते.

दिवा ट्रकांजवळ होता, कामाचं टेबलही तिथंच. पण त्याची खुर्ची समोरच्या भिंतीला पाठ टेकून होती, तळघरात जितकं लांब जाता येईल तितकी लांब.

“काका इथं कशाला बसायचे?” ग्लेनिसने विचारलं. “इथून तर काही नीट दिसणारही नाही.”

“बसून बघ,” मी म्हटलं.

ती बसली. मी पायरीवर टेकले. वर तिच्या नवऱ्याने दोनदा हाक मारली, सामानाची गाडी आली म्हणून. ती उठली नाही.