समाधान

चहावर साय धरली, सुरकुतली, कपाच्या कडेला चिकटली, तरी हा कप उचलायचा नाही — बघत बसेल, जशी काही त्या सायीवरच परीक्षा आहे — आणि दारात नूतन उभी, चप्पलही न काढता. कारखान्याकडे, कडोदऱ्याला जाणाऱ्या रिक्षा एकेक करून निघून चालल्या तरी याचं आपलं 'बघू'. उषाबाईने ओट्यावर फडका आपटला. तिच्या लेकाने, योगेंद्रने, मान वर केली नाही. कॉलेजात शिकवतो, मजुरांवर भाषणं देतो, अख्खं नवागाम सर म्हणतं... आणि त्या दिवशी लखनच्या खोलीत, असलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसून, सर गप्प.

लखन म्हणजे या नूतनचा नवरा. लूमच्या पट्ट्यात उजवा हात सापडला, मनगटापासून गेला. दवाखान्यातून घरी आला तसा कारखान्याचा मॅनेजर सफरचंदं घेऊन हजर, गल्लीतली चार माणसं बसली, आणि त्याने गोड आवाजात नूतनला विचारलं, "तो समाधान ने, बेन?" नूतन म्हणाली, "हो दादा, समाधान आहे." का नाही म्हणणार — नवरा जिता परतला होता, बाईला समाधानच होतं. मलाही होतं, उषाबाईला आठवलं. चहा मीच फिरवत होते, मीही हसले. निम्मं आयुष्य सुरतेत भाजीवालीशी गुजरातीत भांडले, पण तो शब्द मी आपल्या धुळ्याकडच्या कानांनीच ऐकला... त्यांच्याकडे समाधान म्हणजे तडजोड. मिटलं. आता भरपाई मागायची नाही, बसून करायचं कामही मागायचं नाही.

हे उषाबाईला कळलं ते योगेंद्रकडून, जेवताना. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला होता, "गंमत बघ आई, शब्द एकच..." गंमत. तिचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. म्हणजे याला तिथेच कळलं होतं.

"मी एकट्याने सांगून काय होणार आहे," तो आता म्हणाला, सायीकडेच बघत. "हा भाषेतल्या सत्तेचा प्रश्न आहे, आई. मी लिहितोय त्यावर."

"लिही. नूतनला वाचता येत नाही, शेठला मराठी येत नाही. वाचणार कोण, तूच?"

"भाऊ, तुम्ही शेठला फक्त एवढंच सांगा," दारातून नूतन म्हणाली, "की तिला तसं म्हणायचं नव्हतं." स्वतःलाच 'तिला' म्हणाली — त्याचं वाक्य त्याला तयार करून देत होती.

काल उषाबाई एकटीच कारखान्यात जाऊन आली होती. मॅनेजरने बसायला दिलं, पाणी दिलं. "माजी, तमारा दीकरा तो भणेला छे. बेठा हता ने? ए तो कंई बोल्या नही." शिकलेला मुलगा समोर बसला होता, तो बोलला नाही, म्हणजे झालं. नूतनच्या बोलण्यावर नाही, याच्या गप्प बसण्यावर अंगठा उठला होता... आणि ती, जिने जन्मात कुणाला उत्तराशिवाय सोडलं नाही, पाणी पिऊन परत आली.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. "येते माय," म्हणून नूतनने पदर खोचला आणि गेली. योगेंद्र उठल्यासारखा झाला, गुडघे हलले, ओठही हलले — त्या खोलीतही ते असेच हलले होते का — आणि पुन्हा बसला. भित्रा म्हणावं तर कॉलेजात त्याला मॅनेजर काय करणार. मतलबी म्हणावं तर डोळे काठोकाठ भरलेले. तिला आता चिडायचं होतं. शोधूनही राग सापडेना... लहानपणी तापात हा असाच बघायचा, पाणी समोर, आणि मागता येत नाही. तेव्हा चमच्याने पाजता तरी आलं.

"तू आंधळा असतास," ती म्हणाली, "तर हाताला धरून नेला असता रे. तुला सगळं दिसतं, योगेंद्र. तुला धरायला जागाच नाही."