टायटनवर साहेब नसतो

“आध्यक्षच न्हाई?” दादासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “ज्योतीराम, आख्ख्या ग्रहावर एक आध्यक्ष न्हाई? मंग करार कोन करतंय?”

“ग्रह नाही, उपग्रह आहे. शनीचा,” ज्योतीराम म्हणाला. “आणि करार करायला समोर मालकच नाही तिथं.”

“मालकाचं सोड. मालक येतो न् जातो. आध्यक्ष पायजे.”

दादासाहेब कामगार संघटनेचे अध्यक्ष होते. चाकणच्या ज्या माळावर हा सुट्या भागांचा कारखाना उभा होता, त्यातला काही तुकडा त्यांच्या आजोबांचा. संघटनेची निवडणूक नियमाने होत असे. फक्त त्यांच्याविरुद्ध उभे राहण्याची पद्धत नव्हती.

ज्योतीराम औशाहून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन इकडे आला आणि गेज रूममध्ये लागला. कारखान्यात बाकी सगळे वस्तू मोजत. ज्योतीराम ज्या साधनांनी त्या मोजल्या जात, ती साधने मोजत असे. अशा कामाने माणूस हळूहळू संशयी होतो. मोजपट्टीवरही विश्वास ठेवायचा नाही, असे ठरल्यावर साहेबावर ठेवणे कठीण जाते. बहुधा त्यामुळेच तो विज्ञानकथा लिहू लागला. संघटनेच्या दिवाळी अंकाकडे तो दरवर्षी एक कथा देई आणि दरवर्षी तिची जागा कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा घेत. यंदा शुभेच्छा कमी पडल्या. अंकात फक्त सभासदांचे लेखन छापत आणि येत्या मार्चमध्ये ज्योतीराम निवृत्त होणार होता. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

कथा साधी होती. टायटनवर बर्फ खणणारी वसाहत आहे आणि तिला आदेश पृथ्वीवरून येतात. संदेश पोहोचायला सव्वा तास, उत्तर परतायला तेवढाच. तोवर पंप बंद पडून दुरुस्तही झालेला असतो. लोक बंड करत नाहीत, घोषणा देत नाहीत. आदेशांची वाट पाहण्याचे तेवढे सोडून देतात. काही वर्षांनी पृथ्वीवरून नवे साहेब येतात, तेव्हा त्यांना बसवायचे कुठे, हेच कोणाला आठवत नाही.

“संडास कोन साफ करतंय?” दादासाहेबांनी विचारले.

“सगळे. पाळीनं.”

“पाळी कोन लावतंय?”

“कोणी लावत नाही. फळा असतो. ज्याचं त्यानं नाव लिहायचं.”

“आन न्हाई लिवलं तर?”

“संडास एकच आहे, दादासाहेब. बाहेर उणे एकशे एकोणऐंशी तापमान आहे. लिहितात.”

दादासाहेबांनी यावर बराच वेळ विचार केला. “आमच्या गावकीत आसं चाललं नसतं,” ते शेवटी म्हणाले आणि कथेवर सही केली.

अडचण दुसरीकडून आली. अंकाच्या मागच्या पानावर कंपनीची जाहिरात असे, म्हणून छपाईपूर्वी त्याची एक प्रत एचआरकडे जाई. आजवर तिथे मागचे पान पाहून प्रत परत येत असे. यंदा करिष्मा मॅडम नव्या होत्या. त्यांनी आतली पानेही वाचली. त्यातच वेतनकराराची बोलणी तोंडावर होती. संध्याकाळपर्यंत कथेला ‘संघटनेची भूमिका’ असे नाव पडले आणि दुसऱ्या दिवशी दोघांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावणे आले.

प्लँट हेड टेबलाच्या टोकाला बसले होते. करिष्मा मॅडमपुढे कथेची प्रत होती आणि तिच्यावर पिवळ्या रेघा इतक्या होत्या, की न रंगवलेला मजकूरच उठून दिसत होता.

“काका, हे मिथेनचं तळं,” त्या म्हणाल्या. “हे आपल्या सांडपाणी प्रकल्पाविषयी आहे का?”

“नाही. ते मिथेनचं तळं आहे.”

“पण गावकऱ्यांची वासाची कम्प्लेंट ऑलरेडी आहे, म्हणून विचारतेय.”

“शुद्ध मिथेनला वास नसतो, मॅडम.”

“आणि ‘पृथ्वीकडून उत्तर यायला फार वेळ लागतो’ हे?” प्लँट हेड पुढे वाकले. “हा मला टोमणा आहे?”

“तो प्रकाशाचा वेग आहे, साहेब.”

“म्हणजे माझ्या ई-मेलबद्दल नाही?”

“नाही. तुमच्यापेक्षा बराच लवकर येतो तो.”

हे त्याला वस्तुस्थिती म्हणून सांगायचे होते. करिष्मा मॅडमनी तिथेही एक रेघ ओढली.

ज्योतीरामला खरा त्रास वेगळाच होत होता. त्याला धमक्यांची भीती नव्हती; मार्चनंतर धमकावण्यासारखे त्याच्यापाशी काही उरणार नव्हते. पण इतक्या कष्टाने त्याने टायटन उभा केला होता, त्याचा दाब, त्याचे ढग, सगळे तपासून घेतले होते, आणि या खोलीत त्याला टायटन म्हणून पाहायला एकही जण तयार नव्हता. प्रत्येकाला तिथे चाकणच दिसत होते.

त्याने मदतीसाठी दादासाहेबांकडे पाहिले. दादासाहेबांच्या चेहऱ्यावर वेतनकराराच्या वेळची जड शांतता पसरली होती.

“साहेब,” ते सावकाश म्हणाले, “कामगारांच्या भावना हायेत ह्या.”

ज्योतीराम काही बोलणार, तोच टेबलाखाली त्याचा पाय दाबला गेला.

चहा आला. चहा आणणाऱ्या मंजुळाबाई कंत्राटी होत्या, मूळच्या परभणीकडच्या. त्या आत येताच सगळे गप्प झाले आणि प्लँट हेडनी टायटनवर फाइल ठेवली. चहानंतर पाच मिनिटांची सुट्टी झाली. मंजुळाबाईंनी कॉरिडॉरमध्ये ज्योतीरामला गाठले.

“दादा, तुमच्या गोष्टीवरनं भांडण लागलंय म्हणं.”

“भांडण नाही. त्यांना ती कळत नाहीये.”

“काय हाय तिच्यात?”

त्याने थोडक्यात सांगितले. मंजुळाबाईंनी उपग्रह वगैरे गोष्टी मान हलवून मान्य केल्या. आत खोलीतल्या लोकांनी सकाळपासून दाखवला नव्हता इतका विश्वास दाखवला.

“मंग तिकडं चहा कोन देतं?”

“ज्याला तल्लफ येते तो करतो.”

“आन मी काय करते तिकडं?”

प्राणवायूचे गणित ज्योतीरामने केले होते, उष्णतेचे केले होते. हे केले नव्हते.

“तुम्ही सगळ्यांबरोबर जेवायला बसता,” तो म्हणाला. तशी एक ओळ कथेत कुठेशी होती.

“पयल्या पंगतीला?”

“पंगत एकच असते तिथं.”

कारखान्यात मात्र आधी कायम कामगार जेवत आणि त्यांचे उरकल्यावर कंत्राटी. तोवर भांड्यातली डाळ तळाला गेलेली असे आणि आचारी तिच्यात पाणी घालून ती सगळ्यांना पुरवत असे.

“मंग दाळ घट्ट आसंल,” मंजुळाबाई म्हणाल्या आणि ट्रे उचलून निघून गेल्या.

खोलीत परतल्यावर प्लँट हेडनी मुद्द्याला हात घातला. कथा मागे घ्यावी. त्या जागी सुरक्षिततेवर एक लेख जाईल, तो एचआर तयारच देईल. त्या बदल्यात व्यवस्थापन सदिच्छा म्हणून एखादी गोष्ट मान्य करील, मोठी नको.

“युनियनच्या हापिसाला थंड हवेचा एशी—” दादासाहेबांनी सुरुवात केली.

“कथा माझी आहे,” ज्योतीराम म्हणाला.

दादासाहेबांचे वाक्य आजवर कोणी तोडले नव्हते. त्यामुळे आता पुढे काय करायचे असते, हे त्यांना सुचले नाही.

“कँटीनमध्ये एकच रांग,” ज्योतीराम म्हणाला. “कायम, कंत्राटी, सगळ्यांची. एकाच वेळेला, एकाच भांड्यातून. हे देत असाल तर कथा परत घेतो.”

प्लँट हेडनी करिष्मा मॅडमकडे पाहिले. “खर्च?”

“काही नाही, सर. उलट कंत्राटींचा वेगळा काउंटर बंद होईल.”

“डन,” प्लँट हेड म्हणाले.

समता इतक्या झटपट मंजूर झालेली पाहून ज्योतीरामला, सवयीप्रमाणे, संशय आला. पण मोजून पाहायला हाताशी काही नव्हते. त्याने कथेची पाने गोळा केली, त्यांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि पिशवीत ठेवली.

“एशी मिळत हुता,” बाहेर आल्यावर दादासाहेब म्हणाले.

“मिळत होता.”

“आन तुजी गोष्ट? हितकी वर्सं मागं लागला हुतास. फुडच्या वर्षी छापू म्हणलं आस्तं, पर तवा तू सभासद न्हाईस.”

“नसणार.”

“सभासदाचा नियम मीच केलाय त्यो,” दादासाहेब थोड्या दिलगिरीने म्हणाले. तो बदलता येईल, असे त्यांच्या मनात आले असावे. पण ते तसे काही बोलले नाहीत आणि ज्योतीरामनेही विचारले नाही.

अंक निघाला. छापखान्याने कथा काढली, पण लेखकाचा फोटो आणि नाव काढायचे त्यांच्याकडून राहून गेले. रहाटणीच्या घरी विजयश्रीने पान उघडले. वरती कोट घातलेला नवरा होता, खाली सुरक्षिततेचे नियम होते.

“‘तेलकट जमिनीवर धावू नये,’” तिने वाचले. “हे तुम्ही लिहिलंत?”

“नाही.”

“मला वाटलंच. तुमचं असतं तर पहिल्या ओळीत तापमान आलं असतं.” तिने अंक मिटून मांडीवर ठेवला. “औशाला माझ्या दादाला पाठवू का? वाट बघतोय तो.”

“पाठव,” ज्योतीराम म्हणाला. “नियम बरोबर आहेत.”

दिवाळीनंतरच्या सोमवारी कँटीनमध्ये एकच रांग सुरू झाली. ती दारातून बाहेर पडून सायकल स्टँडपर्यंत गेली होती. ज्योतीरामच्या मागे प्रेस शॉपमधला बंटी उभा होता. त्याची नोकरी आत्ताच कायम झाली होती आणि त्या सुखाचे पहिले जेवण त्याला उन्हात उभे राहून मिळत होते.

“कुणाच्या डोक्यातनं निघालं राव हे?” तो म्हणाला. “काका, तुम्हाला काही माहितीये?”

“मॅनेजमेंटचा निर्णय आहे म्हणतात.”

“तुम्ही तरी पुढं जा ना. सिनियर आहात, कोण अडवतंय?”

“असू दे.”

रांग सरकली. काउंटरवर आचाऱ्याने त्याच्या ताटात डाळ वाढली. ज्योतीराम खिडकीजवळच्या टेबलाशी बसला आणि त्याने चमचा डाळीत बुडवून वर धरला. थेंब लवकर पडला. पूर्वी आपल्याला मिळायची त्यापेक्षा डाळ पातळ होती, यात शंका नव्हती. मग त्याने पलीकडच्या टेबलावर बसलेल्या मंजुळाबाईंच्या ताटाकडे पाहिले. तिथेही तितकीच पातळ होती. त्याने भात कालवला आणि जेवायला सुरुवात केली.